पांढरा कोट घातला तरी टेंप तो टेंपच

शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता फोनवर मेसेज येतो. उद्या सकाळी नऊ ते रात्री नऊ, तासाला ६५ डॉलर, होय की नाही ते दहा मिनिटांत कळवा. तुम्ही भाजी परतता परतता मनात हिशोब करता. बारा गुणिले पासष्ट, सातशे ऐंशी. मग सवयीने रुपयांत करता आणि गावाकडची एखादी महिन्याची नोकरी डोळ्यापुढे येते. 'येते' म्हणून उत्तर जातं.

मीही अशी उत्तरं पंधरा वर्षं दिली. रिलीफ फार्मासिस्ट, फ्लोटर, पर डायम, कॉन्ट्रॅक्ट अशी नावं बदलली, पण काम तेच. कायमचा फार्मासिस्ट सुट्टीवर, आजारी किंवा सोडून गेलेला, आणि त्याच्या जागी एक दिवस, एक आठवडा किंवा तेरा आठवडे आपण. आता कायमची नोकरी आहे, म्हणून जरा मोकळेपणाने लिहिते.

आपल्यातले बहुतेक फार्मासिस्ट स्वतःला कामगार समजत नाहीत, आणि तिथेच आपण पैसे घालवतो. गणपतीला मंडळात भेटलो की गोदामात पॅकिंग करणारा भाऊ टेंप एजन्सीच्या तक्रारी सांगतो, आणि आपण सहानुभूतीने मान हलवतो. जणू ती वेगळ्या जगातली गोष्ट आहे. अहो, त्याला पाठवणारी एजन्सी आणि आपल्याला पाठवणारी एजन्सी एकाच पद्धतीने पैसे कमावतात. गिऱ्हाइकाकडून तासाला जास्त घ्यायचे, आपल्याला कमी द्यायचे, मधला फरक खिशात.

उलट एका बाबतीत तो भाऊ आपल्यापेक्षा बरा. न्यू जर्सीत २०२३ साली तात्पुरत्या कामगारांच्या हक्कांचा कायदा आला. एजन्सीमार्फत आलेल्या माणसाला त्याच जागेवर तेच काम करणाऱ्या कायम कामगारांच्या सरासरीइतका पगार आणि सवलती, किंवा सवलतींची रोख किंमत द्यायची, आणि कामाचा तपशील त्याला समजेल त्या भाषेत लेखी द्यायचा, असं त्यात आहे. पण हा कायदा ठरावीक धंद्यांपुरताच आहे. गोदाम, वाहतूक, उत्पादन, सफाई, स्वयंपाक, बांधकामातली अंगमेहनत अशी कामं त्यात येतात. फार्मासिस्ट नाही. इलिनॉयच्या कायद्यानेही 'प्रोफेशनल' आणि कारकुनी कामं सरळ बाहेर ठेवली आहेत. म्हणजे ज्या शब्दाचा आपल्याला अभिमान, त्याच शब्दाने आपल्याला दाराबाहेर ठेवलंय. गोदामातल्या लोकांनी हा कायदा मिळवायला वर्षानुवर्षं मोर्चे काढले, ट्रेंटनला जाऊन बसले. आपण कुठे गेलो होतो?

आता त्या ६५ डॉलरचं बघू. सरकारी आकड्यांप्रमाणे मे २०२३ मध्ये अमेरिकेतल्या फार्मासिस्टचा मधला वार्षिक पगार १ लाख ३६ हजार ३० डॉलर होता. वर्षाचे २०८० तास धरले तर तासाला साधारण ६५. म्हणजे एजन्सीचा दर कायम माणसाइतकाच दिसतो. पण एजन्सी १०९९ वर घेत असेल, म्हणजे कागदोपत्री तुम्हीच तुमचे मालक, तर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचा मालकाने भरायचा अर्धा वाटाही तुम्हीच भरता. अर्धा भाग आयकराच्या हिशोबात वजा होतो हे खरं, तरी तासाला चार-एक डॉलर जातात. कायम माणसाला पगारी रजा आणि सणाच्या सुट्ट्या मिळून वर्षाला वीस-बावीस दिवस मिळतात, तुम्हाला शून्य. तिथे आणखी सहा गेले. राहिले ५५. दुकान दीड तासावर असेल तर बारा तासांच्या शिफ्टला घरातून पंधरा तास जातात. ५५ गुणिले १२ भागिले १५, झाले ४४. आरोग्यविमा मी अजून धरलेलाच नाही. दोन राज्यांच्या परवान्यांची फी, स्वतःचा चुकीच्या दाव्यांसाठीचा विमा आणि रद्द झालेली शिफ्टही नाही. शनिवारची शिफ्ट शुक्रवारी रात्री रद्द होते तेव्हा तुम्हाला त्याचा एक पैसा मिळत नाही, आणि घेतलेली दुसरी शिफ्ट तुम्ही आधीच नाकारलेली असते.

ओव्हरटाइमचं तर विचारूच नका. 'तुम्ही प्रोफेशनल, तुम्हाला दीडपट लागू नाही' हे वाक्य मी तीन एजन्सींकडून ऐकलंय. हे अर्धसत्य आहे. डॉक्टर-वकिलांना पगाराची अट न लावता ओव्हरटाइमच्या नियमातून वगळलंय. फार्मासिस्टला तशी सूट नाही. त्याला वगळायचं तर तो ठरलेल्या साप्ताहिक पगारावर हवा. तासाच्या दराने पैसे घेणारा डब्ल्यू-२ फार्मासिस्ट आठवड्यात चाळीस तासांच्या वर गेला की संघराज्याच्या कायद्याप्रमाणे वरच्या तासांना दीडपट लागते. एकाच एजन्सीने तीन वेगवेगळ्या दुकानांत पाठवलं तरी तास एकत्र मोजायचे. म्हणून पगाराच्या चिठ्ठ्या जपून ठेवा, आणि स्वतःच्या वहीत आत गेल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ लिहा. दुकान बंद झाल्यावर शटरमागे उरलेल्या गोळ्या मोजत घालवलेला अर्धा तासही कामच असतं. मागच्या दोन वर्षांची थकबाकी मागता येते, आणि मालकाने जाणूनबुजून बुडवली असेल तर तीन वर्षांची. १०९९ वाल्यांनी एक समजून घ्यावं. एजन्सीने तसा कागद दिला म्हणून तुम्ही आपोआप स्वतंत्र धंदेवाले होत नाही. कॅलिफोर्नियात २०२० पासून लागू असलेल्या एबी-५ कायद्यात डॉक्टर, डेंटिस्ट, मानसशास्त्रज्ञ, जनावरांचे डॉक्टर यांना सूट आहे. फार्मासिस्टचं नाव त्या यादीत नाही.

आता व्हिसाकडे. इथे माझंच सांगते. मी २००१ ला सांगली जिल्ह्यातल्या कॉलेजातून बी.फार्म. झाले, म्हणून इथे येऊ शकले. १ जानेवारी २००३ किंवा त्यानंतर पदवी घेतलेल्यांना परदेशी पदवीधरांच्या परीक्षेसाठी पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो आणि आपलं बी.फार्म. चार वर्षांचं. माझ्या धाकट्या बहिणीचं डोकं माझ्यापेक्षा चांगलं, तिच्यासाठी दार बंद. आज इथे काउंटरमागे दिसणारी मराठी माणसं म्हणून दोन प्रकारची. पन्नाशीकडे झुकलेले आम्ही, आणि इथेच फार्म.डी. करून डोक्यावर कर्ज घेतलेली किंवा भारतातली सहा वर्षांची फार्म.डी. करून आलेली तरुण पोरं. एजन्सीला दोघेही चालतात. कर्जवाला 'नाही' म्हणत नाही आणि व्हिसावाला तर नाहीच नाही.

२००९ मध्ये मी एका एजन्सीच्या एच-१बी वर होते. नाव लिहीत नाही. न्यू जर्सीतलं काम संपलं आणि त्यांनी मला पेनसिल्व्हेनियात पाठवायचं ठरवलं. परवाना यायला वेळ लागत होता. 'परवाना तुझा, तो आल्याशिवाय पगार कसा द्यायचा?' मला पटलं. सहा आठवडे घरी बसले, नवऱ्याचंही काम तेव्हा गेलेलं. इंडियन स्टोअरमध्ये तांदळाची दहा पौंडी पिशवी घ्यावी की पाच, याचा विचार करत उभी राहिल्याचं अजून आठवतं. पुढे तीन वर्षांनी एका वकिलाच्या व्याख्यानात कळलं की कायद्यात हेच अगदी शब्दशः लिहिलंय. एच-१बी कामगार काम नसल्यामुळे किंवा परवाना किंवा लायसन्स नसल्यामुळे रिकामा बसला तरी मालकाने ठरलेला पगार दिलाच पाहिजे. आपण स्वतः सुट्टी मागितली असेल तर वेगळी गोष्ट. नवीन आलेल्यांचा पगारही देशात पाऊल टाकल्यापासून जास्तीत जास्त तीस दिवसांत सुरू व्हायला हवा, आणि इथेच राहून स्टेटस बदलला असेल तर साठ दिवसांत. तक्रार श्रम खात्याच्या वेज अँड अवर विभागाकडे डब्ल्यूएच-४ फॉर्मवर करायची, पण बारा महिन्यांच्या आत. माझे बारा महिने कधीच उलटून गेले होते.

याच कारणाने शनिवार-रविवारची 'गुपचूप' शिफ्ट घेऊ नका. एच-१बी वर असताना दुसऱ्या मालकाकडे काम करायचं तर त्यानेही वेगळा अर्ज भरायला हवा. अर्धवेळेसाठीही भरता येतो, तो भरायला सांगा. १०९९ तर नकोच. एजन्सीवाले सांगतात की सगळेच करतात. सगळे करत असतीलही, पण ग्रीन कार्डच्या रांगेत दहा-पंधरा वर्षं उभं राहून शेवटच्या मुलाखतीत त्या तीन शनिवारांचं उत्तर तुम्हाला द्यावं लागतं, एजन्सीला नाही. कामाची जागा बदलली तरी विचारा. रोज ये-जा करता येईल अशा परिसराबाहेर पाठवायचं असेल तर थोड्या दिवसांची सवलत सोडता सुधारित अर्ज लागतो. नवऱ्याच्या किंवा बायकोच्या एच-१बी मुळे ज्यांना एच-४ वर कामाचा परवाना मिळालाय (ही सोय २०१५ पासूनची), त्यांना मात्र कुठेही काम करता येतं. अशा बायका आपल्यात पुष्कळ आहेत आणि एजन्सीला त्या आवडतात, कारण घरात दुसरा पगार आहे म्हणून त्या घासाघीस करत नाहीत.

'पण मागणी आहे ना?' असं मला पोरं विचारतात. मागणी आहे, पण ती कसली ते बघा. २००० साली अमेरिकी सरकारच्या अहवालात फार्मासिस्टचा तुटवडा असल्याचं आलं. मोठ्या साखळ्यांनी परदेशातून माणसं आणली, फार्मसी कॉलेजं ऐंशीच्या आसपास होती ती पुढच्या वीस वर्षांत एकशे चाळीसच्या घरात गेली. मग म्हणू लागले की फार्मासिस्ट जास्त झाले. २०२२ मध्ये लसीकरणाच्या धावपळीनंतर वॉलग्रीन्स काही ठिकाणी नव्या फार्मासिस्टला ७५ हजार डॉलरपर्यंत बोनस देऊ करत होती. पुढच्याच वर्षी, सप्टेंबर २०२३ मध्ये, कॅन्सस सिटीतल्या सीव्हीएसच्या फार्मासिस्टांनी काम बंद केलं. त्यांची पहिली तक्रार पगाराची नव्हती. माणसं द्या, एवढंच म्हणणं होतं. लसी, फोन, ड्राइव्ह-थ्रू, विमा कंपनीशी भांडण हे सगळं एका फार्मासिस्टने आणि एका टेकने कसं करायचं? ऑक्टोबरमध्ये वॉलग्रीन्सचे लोकही बाहेर पडले. म्हणजे परवाना असलेली माणसं आहेत, पण या अटींवर उभी राहायला तयार असलेली माणसं नाहीत, आणि ती फट एजन्सी आपल्याला घालून बुजवते.

आणि फट नेहमी उघडी राहील असंही नाही. सीव्हीएसने तीन वर्षांत सुमारे ९०० दुकानं बंद केली, वॉलग्रीन्सने २०२४ मध्ये आणखी १२०० बंद करायचं जाहीर केलं, राइट एडचं तर २०२५ मध्ये शेवटचं दुकानही गेलं. त्या दुकानांतली माणसं आता आपल्याच मेसेजला उत्तर देतात. सप्टेंबर २०२५ मध्ये बाहेरून आणायच्या नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलर लावले गेले, त्यामुळे इथे असलेल्या माणसाचा भाव वाढेल असं काहींना वाटतं. मला वाटत नाही. जो मालक बदलू शकत नाही त्याचा भाव वाढत नाही.

त्या २०२३ च्या शरद ऋतूतली एक गोष्ट सांगायची आहे, ती सांगताना मला बरं वाटत नाही. ऑक्टोबरच्या शेवटी फोन आला. दर नेहमीपेक्षा बराच जास्त. न्यू जर्सीपासून दोन तासांवरचं दुकान. कारण विचारलं तर 'आजारपण'. मी गेले. शटर अर्ध्यावर, आत एकच टेक, विशीतली मुलगी. ती माझ्याकडे बघेना. अकराच्या सुमाराला म्हणाली, 'आमचा फार्मासिस्ट आजारी नाहीये. तो आमच्यासाठी घरी बसलाय.' मी दिवसभर तिथे उभी राहून औषधं दिली. लोकांना इन्सुलिन मिळालं, अँटिबायोटिक मिळालं, त्याचं मला वाईट वाटत नाही. पण माझ्यामुळे ते दुकान उघडं राहिलं आणि दुसऱ्या दिवशी वरिष्ठांना सांगता आलं की काही बिघडलं नाही. तिच्या तासाला वीस डॉलरही पडत नव्हते, आणि मला माझ्या नेहमीच्या दरापेक्षा जास्त मिळाले होते. साखळी कुठली ते लिहीत नाही, त्याने फरक पडत नाही. खासगी मालकाकडे एकत्र येऊन कामाच्या अटींबद्दल बोलण्याचा हक्क टेंपलाही आहे आणि व्हिसावरच्यालाही. आपल्यातल्या कितीजणांना हे माहीत आहे? मला तेव्हा माहीत नव्हतं.

हॉस्पिटलचं काम थोडं वेगळं. तिथे तेरा आठवड्यांचं कॉन्ट्रॅक्ट असतं, कुणी बाळंतपणाच्या रजेवर किंवा नवीन संगणक प्रणाली येणार म्हणून. आधी दोन-चार दिवस दाखवतात, सलाइनच्या खोलीतलं काम येत असेल तर रात्रपाळी सहज मिळते. दुकानात मात्र पासवर्ड हातात ठेवून माणूस निघून जातो. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी. त्या दिवशी सही तुमची. २००६ मध्ये ओहायोत दोन वर्षांच्या मुलीच्या केमोथेरपीच्या पिशवीत टेक्निशियनने ०.९ टक्क्यांऐवजी २३.४ टक्के मिठाचं द्रावण वापरलं. त्या दिवशी सकाळपासून संगणक बंद पडल्याने कामं साचली होती. फार्मासिस्टने पिशवी तपासून पास केली. मुलगी गेली. तो फार्मासिस्ट २००९ मध्ये सहा महिने तुरुंगात गेला आणि परवाना कायमचा गमावून बसला. तो टेंप नव्हता, त्याच जागी रोज काम करणारा होता. आता विचार करा, जिथे कुठलं औषध कुठल्या फळीवर आहे हेही तुम्हाला माहीत नाही, तिथे काय होईल.

म्हणून आत गेल्यावर पहिलं काम म्हणजे अफूवर्गीय गोळ्यांच्या कपाटाची मोजणी, टेकला शेजारी उभं करून, तारीख-वेळ घालून. जाताना पुन्हा. गोळ्या कमी निघाल्या आणि मोजणी नसेल तर संशय कालच्या अनोळखी माणसावरच जातो. कॅलिफोर्नियात साखळ्यांना फार्मासिस्टवर आकड्यांचं टार्गेट लादायला २०२२ पासून बंदी आहे, आणि इलिनॉयमध्ये बारा तासांपेक्षा जास्त सलग काम करायला लावता येत नाही, जेवणाची सुट्टी द्यावी लागते. हे नियम टेंपसाठीही आहेत. एजन्सी ते सांगणार नाही.

आपल्याकडे महाराष्ट्रात परवाना भिंतीवर टांगायचा आणि माणूस दुसरीकडेच, ही जुनी रीत. २०१२ च्या सुमाराला महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना दुकानात फार्मासिस्ट हजर हवाच असा आग्रह धरला गेला, तेव्हा केमिस्ट मंडळींनी बंद पुकारले होते. तिथे परवाना भाड्याने जायचा, माणूस घरी. इथे परवान्यासकट माणूसच भाड्याने जातो आणि चूक झाली तर दोन्ही जातात. भाडं ठरवताना हे धरा.

मी शेवटच्या दोन वर्षांत प्रत्येक मेसेजला त्याच चार प्रश्नांनी उत्तर द्यायचे. डब्ल्यू-२ की १०९९, चाळीस तासांवर दीडपट लिहून देणार का, टेक किती, आणि आधीचा फार्मासिस्ट का नाही. चौथ्याचं उत्तर बहुतेक वेळा यायचंच नाही, आणि मी जायचे नाही. एकदा एजन्सीतल्या एका मुलीने, आवाजावरून नवीन वाटली, खरं सांगितलं. तिथल्याने गेल्या आठवड्यात राजीनामा दिलाय, टेक एकच आहे. मी म्हटलं, दोन टेक असतील तर येते. पाऊण तासाने तिने दुसऱ्या टेकचं नाव कळवलं. मी गेले.